बॉनेटखाली कोणाचं इंजिन?

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या जुन्या जीपजवळ कोणी जाणकार थांबला, की तो आधी गाडीचं मॉडेल विचारत नाही. बॉनेटवर थाप मारून विचारतो, ‘आत काय आहे?’ शहरातल्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. जीपच्या आत जीपचंच इंजिन असणार! पण आमच्या भागात तसं समजणारा माणूस नवखा ठरतो. बाहेरून महिंद्राची जीप असते आणि आत मॅटॅडोरचं इंजिन घुरघुरत असतं. कुठे ट्रॅक्टरचं, कुठे प्यूजोचं, एखाद्या ठिकाणी तर पाण्याच्या पंपाला शोभेल असं काहीतरी. ही इंजिनं आली कशी, बसली कशी आणि बसवताना काय काय नडलं, ते आज सांगणार आहे. या गोष्टीत माझ्या मामांची जीप आहे आणि पावसाळ्यातली एक रात्रही आहे. पण त्याआधी थोडं लांब जाऊन येऊ.

इंजिनबदल हा काही गरिबाघरचाच उद्योग नाही. इंग्लंडमध्ये सनबीम अल्पाइन नावाची देखणी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. दिसायला तेज, पण आत १.६ लिटरच्या आसपासचं बेताचं इंजिन. अमेरिकेत तिचा निभाव लागेना. तेव्हा रूट्स कंपनीच्या तिथल्या मंडळींनी कॅरोल शेल्बीला गाठलं. या शेल्बीने १९६२ मध्येच एसी कंपनीच्या हलक्या इंग्रजी गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन घालून ‘कोब्रा’ उभी केली होती. त्याने अल्पाइनमध्येही फोर्डचं ४.२ लिटरचं इंजिन बसवून दाखवलं आणि १९६४ मध्ये ‘सनबीम टायगर’ बाजारात आली. इंजिन बसलं खरं, पण कसं? मूळच्या स्टिअरिंगची यंत्रणा आड येत होती, म्हणून ती काढून दुसऱ्या जातीची घातली. एक स्पार्क प्लग इतका अडचणीत गेला, की तो काढायला गाडीच्या आतल्या बाजूने पत्र्याला भोक ठेवून त्यावर रबरी बूच लावावं लागलं. कारखान्यात रंगवून आलेल्या पत्र्यावर हातोडे मारून जागा केली जाई, असंही सांगतात. गंमत पुढेच आहे. रूट्स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. आपल्या गाडीत फोर्डचं इंजिन क्रायस्लरला कसं चालणार? त्यांच्याकडे स्वतःचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या अंगाला होता, तर फोर्डचा पुढच्या. तेवढ्या एका फरकापायी ते त्या खाचेत नीट बसेना आणि १९६७ मध्ये टायगर बंद पडली. कोट्यवधींची कंपनी, तिच्या पदरी इंजिनिअरांची फौज, आणि गाडी अडली ती हाताच्या मुठीएवढ्या डब्यापाशी! ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं आयटीआयच्या मुलांना सांगत आलो. मुलं हसायची. आपल्या गावच्या मिस्त्रीचंही असंच अडतं, हे त्यांना माहीत असायचं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. या कंपनीने अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून १९४९ मध्ये माझगावला ते जुळवायला सुरुवात केली. महायुद्धात गाजलेली गाडी ती हीच. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा खोका आणि चारही चाकांना ओढ. रस्ते नसलेल्या देशाला आणखी काय हवं होतं?

आपल्याला जी जीप डोळ्यांपुढे येते, उंच नाकाची, ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ मध्ये निघाली. तिचं नाक उंच का झालं, हा प्रश्न लहानपणी मला फार पडायचा. कोणी म्हणे, पाणी शिरू नये म्हणून. खरं कारण इंजिन. विलीजने जुन्याच इंजिनाचा खालचा भाग कायम ठेवला आणि वरचा भाग बदलला. हवा आत घेणाऱ्या झडपा बाजूला होत्या, त्या डोक्यावर नेल्या. ताकद साठ अश्वशक्तीवरून सत्तरीच्या वर गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच वर उचललं. खालचा भाग तोच असल्यामुळे क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाचे पाय सगळं जिथल्या तिथे बसलं. म्हणजे ज्या जीपला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो, ती जन्मतःच इंजिनबदल झालेली गाडी आहे! अमेरिकेत ही जीप १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र तिचं उंच नाक पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर राहिलं.

मग १९७३ साल आलं. अरबी देशांनी तेलाच्या नाड्या आवळल्या आणि पेट्रोल महागलं. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेल्याचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. पेट्रोलवरची जीप म्हणजे घरी हत्ती पाळल्यासारखं झालं. डिझेल स्वस्त होतं, शिवाय तेवढ्याच तेलात गाडी जास्त पळे. सगळ्यांच्या मनात एकच विचार आला: जीपमध्ये डिझेल इंजिन घालता येईल का?

कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमधल्या पीटरबरो गावी फ्रँक पर्किन्सने १९३२ मध्ये कंपनी काढली, ती मुळी याच विचाराने, की पेट्रोल इंजिनाच्या जागी बसेल असं हलकं आणि वेगाने फिरणारं डिझेल इंजिन बनवायचं. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिनं इथे बनवायला घेतली आणि त्यांतली पुष्कळशी जुन्या पेट्रोल गाड्यांच्या पोटात गेली. महिंद्राच्या घरात तर डिझेल इंजिन आधीपासूनच होतं. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत कांदिवलीला ट्रॅक्टर कंपनी निघाली होती. बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर शेतकऱ्यांत नाव कमावून होता. त्याच्या इंजिनाचा आकार २.३६ लिटर, म्हणजे जीपच्या इंजिनाच्या जवळपास. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं.

इथे थोडा हिशेब करू या. रेडिओवर गणित सांगू नये म्हणतात, पण हे सोपं आहे. जुन्या जीपच्या मागच्या आसात पिनियनला ८ दाते आणि क्राउनला ४३. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. चाकाच्या एका फेरीला गाडी जेमतेम सव्वादोन मीटर पुढे जाते. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे घ्यायचं, म्हणजे ताशी शंभराच्या आसपास वेग. ट्रॅक्टरचं इंजिन मात्र २००० च्या आत-बाहेर फिरण्यासाठी जन्माला आलेलं. तितक्या फेऱ्यांना तीच जीप ताशी ५० किलोमीटरवर थांबते. इंजिनाची मर्यादा थोडी वर नेता येते, पण ट्रॅक्टरचा स्वभाव सुटत नाही. इंजिन बसलं, खोका बसला, बोल्ट आवळले, तरी गाडी आणि इंजिन यांचं जुळलं असं म्हणता येत नाही ते यासाठी. घाटात खालच्या गिअरवर ही जीप बैलासारखी ओढायची. सपाटीवर मात्र एसटी मागून येऊन भोंगा वाजवत पुढे निघून जायची.

यावर कंपनीने प्यूजोचा रस्ता धरला. १९७९ मध्ये या फ्रेंच कंपनीशी करार झाला आणि पुढे तिचं २११२ सीसीचं, मोटारीसाठीच घडवलेलं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. इगतपुरी म्हणजे आम्हाला खोडाळ्यापलीकडचं गाव. आमच्याकडच्या दऱ्या उतरून चढणाऱ्या एमएम-५४० जीपचं काळीज तिथून यायचं. तिकडे पुण्यात आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी मर्सिडीज बेंझच्या परवान्याने २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवत होती. ते त्यांच्या मॅटॅडोरमध्ये असायचं. हे इंजिन चिवट. मॅटॅडोरचा पत्रा गंजून खाली यायचा, पण इंजिन ठणठणीत. शिवाय ते ४००० च्या वर फिरू शकायचं, म्हणजे जीपच्या ४३ आणि ८ दात्यांशी त्याचा सूर जमत होता. भंगारातल्या मॅटॅडोरचं इंजिन आणि सरकारी लिलावातली पेट्रोल जीप, अशी जोडी महाराष्ट्रभर जमू लागली.

माझ्या मामांचं जामसरला किराणा दुकान होतं. त्यांनी १९७९ मध्ये अशाच एका लिलावात सीजे-३बी घेतली. माल आणायला म्हणून घेतलेली गाडी महिनाभरात गावाची झाली. बाळंतीण असो, साप चावलेला असो, लग्नाचं वऱ्हाड असो, दारात येऊन ‘शेठ, गाडी काढा’ म्हणायचं. मामी म्हणायच्या, ‘आपण दुकान चालवतो का दवाखाना?’ पेट्रोलचा खर्च मात्र दुकानाला पेलेना. १९८७ मध्ये मामांनी ठरवलं, मॅटॅडोरचं इंजिन घालायचं. मी तेव्हा नाशिकला आयटीआयमध्ये मशिनिस्टचं शिकत होतो. अपघातातल्या मॅटॅडोरचं इंजिन नाशिकलाच मिळालं आणि तिथल्याच एका गॅरेजात काम सोपवलं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. आज मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं तिथे शिकलो आणि निम्मं तिथे जे चुकलं त्यावरून शिकलो.

पहिली अडचण बेल हाउसिंगची. इंजिनाच्या पाठीमागे जे घंटेसारखं कवच असतं, ज्याच्या आत क्लच असतो आणि ज्याला गिअरबॉक्स जोडतात, ते. जीपच्या बेल हाउसिंगची भोकं एका नकाशावर, मॅटॅडोरच्या इंजिनाची दुसऱ्याच. मध्ये जाड पोलादी प्लेट घालायची, तिला एका बाजूने एक नकाशा आणि दुसऱ्या बाजूने दुसरा. हिला अडाप्टर प्लेट म्हणतात. प्लेट जाड झाली की गिअरबॉक्स तेवढा मागे सरकतो. मग त्याची टोकाची दांडी क्रँकच्या बुशात पुरेशी आत जात नाही. मग लेथवर नवा बुश काढायचा. क्लच प्लेटचं तसंच. तिचा व्यास नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला जुळायला हवा आणि तिच्या मधल्या खाचा जुन्या गिअरबॉक्सच्या दांडीला. अशी प्लेट बाजारात मिळत नसे. एकीचा मधला भाग काढून दुसरीला रिव्हेटने जोडायचा.

इंजिनाचे पाय, ज्याला गॅरेजात ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते चेसिसवर नव्या जागी वेल्ड करायचे. इंजिन थोडं पुढे घ्यावं, तर पंखा रेडिएटरला लागतो. मागे घ्यावं, तर पायाजवळचा पत्रा आड येतो. वर घ्यावं, तर बॉनेट बसत नाही. खाली घ्यावं, तर सगळ्यांत वाईट. कारण जीपच्या पुढच्या बाजूलाही आस आहे आणि तो इंजिनाच्या ऑइल चेंबरच्या अगदी खाली असतो. गाडी उभी असताना मध्ये चार बोटं जागा दिसते. खड्ड्यात गेली की आस वर उसळतो आणि चेंबरचं तळ फुटतं. म्हणून जाणता मिस्त्री जॅक लावून आस वर ढकलून पाहतो. डिझेल इंजिन वजनाला जड, तर पुढचे पाटे बसतात. मग त्यांत एकेक पान वाढवायचं. पान वाढवलं की गाडी लाकडासारखी ताठ होते.

डिझेलच्या इंजिनात हवा एकवीसपट दाबली जाते, जुन्या पेट्रोल इंजिनात सातपटीच्या आसपास. ते फिरवून चालू करायला मोठा सेल्फ आणि मोठी बॅटरी लागते. मोठी बॅटरी जुन्या जागी मावत नाही. शिवाय डिझेलला ठिणगी नको, म्हणजे चावी बंद केल्याने ते थांबतही नाही. मामांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी दुकानासमोर त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि जीप आपली घुरघुरतेच आहे! पोरं टाळ्या पिटू लागली. शेवटी मी डॅशबोर्डाखालची स्टॉपरची तार ओढली. मामा म्हणाले, ‘भाच्या, ही तार आधी दाखवायची होतीस रे.’

आता वायपर. जुन्या जीपचा चालकाच्या बाजूचा वायपर विजेवर चालत नसे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार होते, तिच्या ओढीवर तो हलायचा. इंजिनापासून एक रबरी नळी वर काचेकडे गेलेली असायची. डिझेल इंजिनात हवेची वाट तशी आवळलेली नसते, त्यामुळे ती ओढ पुरेशी मिळत नाही. इंजिन बदललं आणि वायपर मेला. गॅरेजवाला म्हणाला, ‘उन्हाळा आहे, नंतर विजेचा लावून देऊ.’ डावीकडचा वायपर तर पहिल्यापासून हाताचाच होता. आतून मुठीने फिरवायचा. बाकी एवढं मोठं काम झालं होतं, वायपरचं कोणाच्या मनात राहिलं नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. याच सुमारास मोठ्या कंपन्याही हेच करत होत्या. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ११८-एनई ही गाडी आणली, ती फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवून. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची अंगकाठी. तिच्यात आधी अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, पुढे जपानच्या इसुझुचं १.८ लिटरचं आलं. ज्यांनी ऐटीत या गाड्या फिरवल्या, ते एका अर्थी मामांच्याच पंगतीला बसले होते. फरक इतकाच, की कंपनीकडे मोजमापाची साधनं होती.

आमच्या जीपला ती मिळाली नव्हती. अडाप्टर प्लेट त्या गॅरेजात नजरेने आखून कापली होती. भोकं रेतीने मोठी करून बोल्ट घुसवले होते. मी तेव्हा शिकाऊ. मला शंका आली होती, पण अनुभवी माणसासमोर तोंड उघडवेना. दोन लोखंडी तुकडे बोल्टने घट्ट झाले म्हणजे ते एका मध्यावर आले असं नसतं. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांडीचा मध्य यांत इंचाचे पाच-सात हजारावे भाग चालतात, आम्ही त्यांना थाउ म्हणतो. आमच्या गाडीत किती होते, ते पुढे कळायचं होतं. आठ-दहा महिने जीप उत्तम चालली. मग क्लच धरताना कुरकुरू लागली. मग उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटू लागला. मामांनी हाताने दांडा धरून चालवायची सवय करून घेतली. सवय झाली की माणसाला दोष दिसेनासा होतो.

१९८८ चा जुलै. मी घरी आलो होतो. रात्री नऊच्या सुमारास पाड्यावरून चौघेजण एका मुलाला झोळीत घालून आले. भाताच्या खाचरात लावणी करताना साप चावलेला, वय असेल दहा-अकरा. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात न्यायचं होतं. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगून कळणार नाही. पाण्याच्या काठ्या उभ्या कराव्यात तसा पडतो. मामा चालवायला, मी शेजारी, मागे मुलगा, त्याचा बाप आणि आणखी दोघं. निघालो आणि पहिल्याच वळणावर मामांना समोरचं काही दिसेना. त्यांच्या काचेवरचा वायपर आडवा पडलेला. मी माझ्या बाजूची मूठ फिरवू लागलो. मामा डावीकडे वाकून माझ्या अर्ध्या काचेतून बघत, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने गिअरचा दांडा धरून गाडी नेत होते. मागून मुलाच्या बापाचा आवाज येत होता. तो मुलाला झोपू देत नव्हता, सारखा हाका मारत होता.

एका ओढ्याकडे उतरणाऱ्या उतारावर मामांनी चिखलातून चाक सावरायला दांडा सोडला. खाडकन दुसरा गिअर सुटला. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला आणि जीप स्वतःच्या वजनाने धावायला लागली. जीपचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे, पायाच्या जोरावरचे, त्यात पाणी शिरलेलं. मामांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडच्या मातीच्या दरडीला घासत नेली. दरडीत अर्धी रुतून ती थांबली. ओढ्याचं पाणी हेडलाइटच्या उजेडात वीस-पंचवीस पावलांवर वाहताना दिसत होतं. कोणी काही बोललं नाही. आम्ही उतरून ढकलली. दुसरा गिअर आता लागतच नव्हता. उरलेला रस्ता पहिल्या गिअरवर कापला. साधारण तासभर जास्त लागला असेल.

मुलगा वाचला. डॉक्टरांनी लस वेळेवर मिळाली म्हणून सांगितलं आणि मामा व्हरांड्यात खाली बसून रडले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला मात्र सारखं वाटत होतं, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर? आणि तो उशीर सापामुळे नव्हे, पावसामुळेही नव्हे, तर मी पाहूनही न बोललेल्या एका प्लेटमुळे झाला असता.

पुढच्या महिन्यात इंजिन परत खाली उतरवलं. या वेळी काम केलं ते एका निवृत्त फिटरने. त्याने आधी काही खोललंच नाही. फ्लायव्हीलला डायल गेज लावला, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि मला म्हणाला, ‘हाताने सावकाश फिरव, काटा बघ.’ एका फेरीत काटा साठ थाउ हलला. काट्याचा फरक मध्याच्या चुकीच्या दुप्पट दिसतो, म्हणजे दांडी तीस थाउ बाजूला होती. ऐकायला एक मिलिमीटरसुद्धा नाही. पण मिनिटाला दोन-तीन हजार वेळा ती दांडी तेवढी वाकवली जात होती. आतला बुश अंड्यासारखा झिजला होता, बेरिंग गेलं होतं, दुसऱ्या गिअरचे दात टोकाला गोल झाले होते. मूळ तीन गिअरच्या खोक्याला दुसरा गिअर सोडायची खोड होतीच, हे जुने जीपवाले सांगतील. त्या खोडीला आम्ही निमित्त पुरवलं होतं. फिटरने प्लेट नवी कापली, काटा सहा थाउंच्या आत येईपर्यंत ती सरकवली आणि मग दोन ठिकाणी पिना ठोकल्या, म्हणजे पुढे कोणीही खोलून जोडलं तरी ती त्याच जागी बसेल. विजेचा वायपर त्याने सगळ्यांत आधी लावून घेतला.

माझी सगळी नोकरी पुढे शिकवण्यात गेली. डायल गेजचा पहिला तास मी दरवर्षी याच गोष्टीने सुरू करायचो. मुलाचं आणि गावाचं नाव न सांगता.

कायद्याचं थोडं सांगायला हवं. इंजिन बदललं की आरटीओच्या पुस्तकात त्याचा नंबर बदलून घ्यावा लागे आणि मामांनी तो घेतला होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल आले आहेत. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करू नये, असं ते कलम आता सांगतं. वेगळ्या इंधनासाठी किंवा बॅटरीसाठी इंजिनात फेरफार करायला मात्र नियमांप्रमाणे वाट ठेवली आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हा अर्थ कडक केला. तेव्हा माझं बोलणं ऐकून उद्या कोणी जीप घेऊन गॅरेजात जाऊ नये. आरटीओत आधी विचारावं.

आणखी एक नियम २०२१ मध्ये आला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण अट अशी, की ती मूळ रूपात हवी. चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. मामेभावाने मला विचारलं, ‘दादा, आपली जीप त्यात बसेल का?’ मी म्हटलं, नाही बसणार. संग्राहकांचा नियम मला समजतो. मूळ वस्तू जपायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेच्या आत आमच्याकडची एकही जीप येणार नाही, ज्यांनी खरी कामं केली त्या तर नाहीच. मुंबईच्या रॅलीत चकचकीत पेट्रोल जीप पाहिल्या की मला त्यांचं कौतुक वाटतं आणि जरा परकंही वाटतं.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. आता १०८ ची रुग्णवाहिका येते, रस्ते पुष्कळ बरे आहेत, तरी दूरच्या पाड्यांवरून झोळ्या अजूनही निघतात. मामा २००६ मध्ये गेले. जीप दुकानामागे आंब्याखाली उभी आहे. गेल्या मे महिन्यात मी आणि मामेभावाने बॅटरी जोडून ती चालू करून पाहिली. तिसऱ्या हिसक्याला धूर ओकून सुरू झाली. मामेभावाच्या मुलाने बंद करायला चावी फिरवली, काढून घेतली आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला स्टॉपरची तार दाखवली.